साहेबांना कोणी अडवलं नाही

नवव्या मजल्यावरच्या खोलीत थोरले साहेब नव्हते.

सेक्रेटरी दुपारचा चहा घेऊन आत गेला तेव्हा खुर्ची रिकामी होती. टेबलाखाली साहेबांचे काळे, बिनलेसचे बूट जोडीने ठेवलेले होते. बूट इथे आणि साहेब गायब, हे बघून सेक्रेटरीच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने फोन केला तो धाकट्या साहेबांना, म्हणजे थोरल्यांच्या मुलाला. धाकट्या साहेबांनी पुढचा फोन पोलिसांना करायला हवा होता. तो त्यांनी केला कंपनीच्या चौकशी अधिकारी बाईंना.

बाईंची उमेदीची वर्षं पोलीस खात्यात गेली होती. आता त्या इथे नोकरांच्या लबाड्या हुडकून काढायच्या. पगार बरा होता आणि चोर सगळे इस्त्रीच्या कपड्यांतले. कामात मात्र त्या पूर्वीइतक्याच तिखट होत्या.

"पोलिसांना कळवलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही. कळवायचंही नाही," धाकटे साहेब म्हणाले.

मग त्यांनी दार लावून घेतलं आणि दोन वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट सांगितली. थोरल्यांना विस्मरणाचा आजार होता. आजची तारीख त्यांना सांगता येत नव्हती. संध्याकाळनंतर मुलालाही ते 'आपण कोण?' असं विचारायचे. हे ठाऊक होतं घरच्यांना, डॉक्टरांना आणि सेक्रेटरीला. बाकी कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

कारणही तसंच होतं. ही कंपनी लोकांचे पैसे गुंतवायची. कुठल्या कुठल्या देशांतल्या शिक्षकांची, परिचारिकांची निवृत्तीची पुंजी तिच्याकडे होती, आणि ती त्यांनी थोरल्या साहेबांच्या भरवशावर दिलेली. प्रत्येक मोठ्या करारात एक कलम होतं. साहेब काम करेनासे झाले तर गिऱ्हाइकांना तसं लगेच कळवायचं, मग त्यांना हवं तर ते पैसे काढून घेतील. म्हणून साहेबांना रोज सकाळी आणून खुर्चीत बसवत. पाहुणे आले की साहेब हात मिळवत, हसत आणि जुन्या गोष्टी सांगत. जुन्या गोष्टी त्यांना बिनचूक आठवत.

"ते हरवल्याचं बाहेर कळलं, तर महिन्याभरात निम्मी कंपनी रिकामी होईल. चार हजार माणसं आहेत माझ्याकडे," धाकटे साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खोटा नव्हता. बाईंना तेच जास्त टोचलं.

बाईंनी आधी कॅमेरे पाहिले. पडद्यावर साहेब एकटेच, ताठ चालत खोलीबाहेर येत होते. एका कारकुनाने लिफ्टचं बटण दाबून दिलं. दोघी जणी बाजूला सरकल्या. खाली गार्डने सलाम ठोकून काचेचं दार उघडलं आणि टॅक्सीही बोलावली. साहेबांच्या पायांत घोट्यापर्यंतचे जुने, लेसवाले बूट होते.

बाईंनी गार्डला बोलावलं. त्याची पाचावर धारण बसली होती.

"साहेब एकटे बाहेर जातात कधी?"

"नाही मॅडम. कधीच नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

"थोरल्या साहेबांना मी विचारू? गेल्या महिन्यात ड्रायव्हरने कॅन्टीनमध्ये नुसतं म्हटलं, की साहेबांना बरं नाही वाटतं. संध्याकाळी त्याचा हिशेब करून टाकला. साहेब ठणठणीत आहेत, असंच समजायचं आम्हाला सांगितलंय."

टॅक्सी कुठे गेली ते त्याने ऐकलं नव्हतं. सीसीटीव्हीत तिचा नंबर धड दिसत नव्हता.

बाई मनात चरफडल्या. त्या इमारतीत कार्डाशिवाय माशी आत शिरत नव्हती. साहेब मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेले होते, कारण ते आजारी आहेत हे कोणी कबूल करायचं नव्हतं.

धाकट्या साहेबांचा संशय अर्थातच त्या काढून टाकलेल्या ड्रायव्हरवर होता. बाईंनी चौकशी केली. तो आता शाळेची बस चालवत होता आणि दुपारभर मुलांच्या गलक्यात होता. तो धागा तिथेच तुटला.

मग सेक्रेटरी. हा मनुष्य बारीकसारीक सगळं सांगायचा, फक्त विचारावं लागायचं. जेवणानंतर साहेबांच्या थेट फोनवर एक फोन आला होता. तो नंबर घरच्यांना आणि चार जुन्या मित्रांना ठाऊक होता. त्यांतले तीन आता हयात नव्हते आणि चौथा परदेशात, अंथरुणाला खिळलेला. बोलणं दाराआडून ऐकू आलं नाही. साहेब एवढंच मोठ्याने म्हणाले, "गेट बघायला जायचंय, आलोच."

"त्यांचे लेसवाले बूट इथे असतात?"

"नाही हो. लेस बांधता येईनात म्हणून वर्षापूर्वीच बिनलेसचे घेतले. ते जुने घरी असतील."

"मग बांधून कोणी दिले? खोलीत कोणी गेलं होतं?"

"कोणी नाही. चहा आणायला उठेपर्यंत मी दारातच बसलो होतो. फक्त कपड्यांची बॅग सकाळपासून आत होती. साहेबांना कधी कपडे बदलावे लागतात. ती रोज धाकटे साहेब स्वतः घेऊन येतात."

बाईंनी मान वर केली. बॅग धाकट्या साहेबांनी आणलेली आणि पोलिसांनाही नको म्हणणारे तेच. पण बाप हरवला तर बुडणारेही तेच होते, त्यामुळे घोडं तिथेच अडलं.

"आणखी काय बोलतात साहेब?"

सेक्रेटरीचे डोळे भरून आले. "रोज विचारतात, शिंपीदादांना भाडं पोचलं का. त्यांना वाटतं, कंपनी अजून त्याच खोलीत आहे."

ती खोली तळमजल्यावरच्या दालनात मांडून ठेवली होती. बाई तिथून येता-जाता हजार वेळा गेल्या होत्या. शिंप्याच्या दुकानावरची भाड्याची खोली, दोन खुर्च्या, एक टेबल, तिथून कंपनी निघाली होती. साहेबांचा नियम साधा होता. कारखान्यात पैसे लावायच्या आधी शिफ्ट सुटताना त्याच्या गेटवर उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या माणसांचे चेहरे बघायचे. पहिलं गेट सायकलच्या चेनच्या कारखान्याचं. ते साधलं. मग दुसरं, मग विसावं, मग समुद्रापलीकडची. एकोणीस देशांत कचेऱ्या झाल्या, गेटवर माणसं जाईनाशी झाली, आकडेच यायला लागले. दालनातली पुढची चित्रं सगळी उंच इमारतींची होती.

निघताना बाई आधी साहेबांच्या घरी गेल्या. काकू, म्हणजे साहेबांची बायको, खिडकीशी बसून पायजम्याच्या नेफ्यात इलॅस्टिक ओवत होत्या. साहेबांना आता नाडीची गाठ जमत नाही, म्हणाल्या. बाईंना पाहताच त्यांनी विचारलं, "पोलिसांना कळवलंत का?"

बाईंनी नाही म्हटलं. फोनबद्दल विचारलं, तर काकू म्हणाल्या, घरातून कोणकोण फोन करतं ते मी कुठे बघत बसू. कपड्यांची बॅग कोण भरतं? कधी मी, कधी मोलकरीण. बाई उठल्या तेव्हा काकूंनी पुन्हा तेच विचारलं, की पोलिसांना कळवणार कधी.

बाई गाडीत बसल्या आणि त्यांनी ड्रायव्हरला चेनच्या कारखान्याचा पत्ता दिला. ज्याच्या लेखी कंपनी अजून एका खोलीची आहे, त्याला जायला गेट एकच होतं.

कारखाना केव्हाच बंद पडला होता. आत गवत माजलं होतं, लोखंडी गेट तेवढं उभं होतं. त्याच्यासमोर, रस्त्याच्या कडेला, साहेब हात पाठीमागे बांधून उभे होते. ऊन कलतीला लागलं होतं.

"अजून शिफ्ट सुटली नाही," ते बाईंना म्हणाले. "भोंगा झाला नाही."

"आज सुट्टी आहे साहेब. उद्या येऊ."

"मग आधी सांगायचं ना," असं म्हणून ते शहाण्या मुलासारखे गाडीत बसले. बाईंनी त्यांचे पाय उचलून आत घेतले तेव्हा बूट नीट पाहिले. भोकांतून लेस नव्हतीच. काळं इलॅस्टिक ओवून हाताने शिवून टाकलं होतं, पाय सरकवला की झालं. कोटाच्या खिशात टॅक्सीला देऊन उरलेल्या नोटा होत्या. अस्तराला आतून कापडाची पट्टी शिवलेली होती. वर ठळक लिहिलं होतं, 'यांना विस्मरणाचा आजार आहे. कृपया पोलिसांना कळवा.' खाली नाव किंवा घरचा पत्ता नव्हता.

बाईंना सगळं कळलं. कळल्याचा आनंद मात्र झाला नाही.

साहेबांना घरी आणून आत निजवल्यावर त्या बैठकीत बसल्या. समोर धाकटे साहेब, शेजारी काकू.

"फोन घरून गेला होता," बाई म्हणाल्या. "साहेबांना उठवायला एकच वाक्य पुरेसं होतं, की चेनच्या कारखान्याचं गेट बघायचंय. हे माहीत असलेलं माणूस त्या एका खोलीच्या काळातलं हवं. गेटवर जाताना साहेब घालायचे ते जुने बूट बॅगेत कपड्यांच्या तळाशी होते. बॅग नेणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला बाप हरवून फायदा काहीच नव्हता. बूट असे शिवलेले, की लेस बांधायला कोणी लागू नये. पैसे मागणारा चोर खिशात नोटा घालत नाही आणि कोटात पट्टी शिवत नाही. ज्याला साहेब सुखरूप हवे होते, पण पोलिसांकडून हवे होते, त्याचं हे काम. मी घरी आले तेव्हा एका माणसाने मला 'ते सापडले का' असं एकदाही विचारलं नाही. पोलिसांचं मात्र दोनदा विचारलं."

काकूंनी नाकारलं नाही. "नाव शिवलं असतं, तर कोणीही परस्पर घरी आणून सोडलं असतं," त्या म्हणाल्या.

"आई?" धाकटे साहेब उभेच राहिले.

"दोन वर्षं तुला सांगतेय, त्यांना घरी राहू दे. रोज सकाळी रडतात ते, शर्ट घालताना. तुला नाही दिसत, तू गाडीत फोनवर असतोस." काकूंचा आवाज चढला नाही. "पोलिसांत नोंद झाली असती, तर जगाला कळलं असतं. मग तुला त्यांना सोडावंच लागलं असतं. अंधार पडला की तुझा धीर सुटणार आणि तूच पोलिसांना फोन करणार, हे मला माहीत होतं." मग त्या बाईंकडे वळल्या. "ही अंधार पडायच्या आत आली. फार हुशार आहेस गं तू."

आयुष्यात इतकी वाईट शाबासकी बाईंना कोणी दिली नव्हती.

"अजूनही सांगता येईल," बाई धाकट्या साहेबांना म्हणाल्या. "मी सांगेन."

धाकटे साहेब पुन्हा खाली बसले. मग जे बोलले ते हळू आवाजात, जवळजवळ विनवणीने. डॉक्टरांचा दाखला साहेब ठणठणीत असल्याचा आहे. ठणठणीत माणूस टॅक्सीने फिरायला गेला, यात गुन्हा कसला? आणि ते आजारीच होते असं सिद्ध केलंत, तर आजारी माणसाला एकटं रस्त्यावर कोणी पाठवलं, हा पहिला प्रश्न येईल. कंपनी बुडेल ती बुडेल, पण आधी आई तुरुंगात जाईल.

"जाईन की," काकू म्हणाल्या. पण लगेच त्यांची नजर आतल्या दाराकडे गेली. रात्री साहेब घाबरून उठत, तेव्हा त्यांना ओळखीचा असा एकच चेहरा उरला होता. तो काकूंचा होता. त्या उठून साहेबांना बघायला आत गेल्या.

बाईंनी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. पोलीस खात्यात त्यांनी सुटलेले गुन्हेगार पाहिले होते, अडकलेले निरपराध पाहिले होते. कोणालाच सोडवता येऊ नये असा गुंता त्या पहिल्यांदाच बघत होत्या, आणि तो त्यांनीच उलगडला होता.

धाकट्या साहेबांनी एक कागद पुढे केला. उद्यापासून नवव्या मजल्यावर दोन माणसं, खोलीला बाहेरून कुलूप, थेट फोन बंद. बंदोबस्ताची जबाबदारी बाईंची होती. उद्या साहेब खरोखरच कुठेतरी हरवले, एखाद्या गाडीखाली आले, तर? सही न करण्यासारखं एकही कारण बाईंना सापडलं नाही. त्यांनी सही केली.

काकू त्यांना दारापर्यंत पोचवायला आल्या. मुलगा ऐकत नाही असं पाहून त्यांनी बाईंचा हात धरला.

"पुढच्या वेळी जरा उशीर लाव गं," त्या म्हणाल्या.

त्या कागदाचं काकूंना कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनाही सांगता आलं नाही. त्या "बरं काकू" म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.