जवाईबापूंचा राऊटर

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा, पुढे वाचू नका. मला कुणाची मनधरणी करायची नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात, २०१६ च्या नोव्हेंबरात, धानाची मळणी चालू होती तेव्हा.

मावशीचा जावई खिलेश. पुण्यात कॉम्प्युटरवाला. देव अक्कल वाटत होता तेव्हा रांगेत हा एकटाच उभा होता, असा त्याचा तोरा.

पण नोकरी सुटली होती. आणि बायकोला, आमच्या आचलला, सातवा महिना.

त्या संध्याकाळी त्याचा लॅपटॉपवर इंटरव्ह्यू होता. ही नोकरी लागलीच पाहिजे होती.

म्हणून सासुरवाडीला येताना साहेबांनी बॅगेत स्वतःचा राऊटर आणला.

"हा डब्बा तर भंगारवालापण घेणार नाही," नेट कंपनीच्या मोडेमकडे बघत तो म्हणाला. "याने फक्त बाहेरची लाईन आत घ्यायची. बाकी माझा राऊटर बघेल."

मोडेमपासून एक वायर नेऊन त्याने राऊटरला जोडली. मग मोडेमचं वायफाय बंद करायला घेतलं.

मंदामावशी दारातच थबकली.

"ते बंद नोका करू, जवाईबापू. यायचा फोन त्याच्यावरच लागते."

'यायचा' म्हणजे तिच्या नवऱ्याचा, चैतराम मावसाजींचा. ते उन्हाळ्यातच वारले होते. त्यांचा फोन मावशी रोज चार्ज करून फळीवर, फोटोसमोर ठेवायची.

खिलेश फिस्सकन हसला.

"मेलेल्या माणसाला वायफाय? जिवंत होते तेव्हा तरी त्यांना काय कळत होतं त्यातलं?"

आणि बंद केलं. जावयाला उलटून कोण बोलणार? मावशी गुमान चुलीकडे गेली.

दिवेलागणीला इंटरव्ह्यू सुरू झाला. खिलेश त्याच खोलीत एकटा. समोर पडद्यावर पुण्याची एक मॅडम. सगळं झकास चाललं होतं.

मग बाहेरचं मळणीयंत्र थांबलं...

गल्लीतली कुत्रीही गप्प झाली.

आणि फळीवरचा फोन वाजला... टिंग.

पडद्यावर मॅडमचं चित्र गोठलं.

खिलेशने बघितलं. लॅपटॉप त्याचा राऊटर सोडून भलत्याच वायफायवर गेला होता. नाव होतं... 'चैतराम'.

मोडेमचं. त्याने स्वतःच्या हाताने बंद केलेलं!

त्याने मोडेमकडे बघितलं. वायफायचा दिवा विझलेलाच होता.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. याचं टाळकं सटकलं. कॉल तुटला असं समजून तो फोटोवरच ओरडला.

"मेलात तरी अक्कल आली नाही का हो? एक बटण धड दाबता आलं नाही जन्मात! आता माझ्या पोटावर पाय देता?"

आणखी बरंच बोलला. लिहायची लाज वाटते. आचल दाराबाहेर उभी होती. तिला फक्त नवऱ्याचाच आवाज येत होता.

मग चित्र हललं... मॅडम त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"कळवू," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. नोकरी नाही.

"तुम्ही हुशार आहात. पण म्हाताऱ्या माणसाशी असं बोलणारा माणूस आम्हाला नको."

"मॅडम, घरात कोणी म्हातारा माणूसच नाही."



"मग ते कोण होते? तुम्ही एवढं टाकून बोलत होता, आणि ते बिचारे रडत होते. 'चुकलं जवाईबापू, मले शिकवा ना, मी शिकतो,' असं म्हणत होते."

खिलेश "आचल!" म्हणून ओरडला. अख्खं घर गोळा झालं. झालेलं सगळं त्याला सांगावंच लागलं.

मावशी घाबरली नाही. पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. मग त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"येवढे हात जोडून राहिले होते, मंग शिकवलं काऊन नाही त्याईले?"

मोडेमचं वायफाय मावशीने परत सुरू करून घेतलं. त्या खोलीत मी अजूनही एकटा बसत नाही.