गोपीनाथ कसा रडला

परशुराम केळुसकर हिरव्या शाईने लिहितात. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, चष्म्याच्या एका दुकानावर अरुंद जिना चढून गेलं की त्यांच्या दिवाळी अंकाची कचेरी लागते. एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाकी सगळे जुन्या अंकांचे गठ्ठे. चार वर्षं मी त्यांना कथा पाठवत होते आणि ते त्या शेऱ्यासकट परत करत होते. गेल्या वर्षीचा शेरा असा होता : "योगिनीताई, तुमचा नायक मेला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. पण तो जिवंत होता तेव्हाही वाटलं नव्हतं, त्यामुळे तक्रार नाही."

यंदा मी स्वतःच जिना चढून गेले. केळुसकरांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमची भाषा शुद्ध आहे, अक्षर सुरेख आहे. फक्त माणसं नाहीत. एक माणूस लिहून आणा, ताई. एकच. आणि जुलैअखेर आणा. हा माझा शेवटचा अंक आहे, पुढच्या वर्षी मी मुलीकडे नाशिकला जातोय."

म्हणजे माझाही शेवटचाच. साठाव्या वर्षी नव्या संपादकाची हिरवी शाई सोसायची ताकद माझ्यात नव्हती.

माझी एकतीस वर्षं डोंबिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. रक्त, लघवी, थुंकी. काचपट्टीवर जे दिसतं ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही. ही सवय रिपोर्टसाठी उत्तम, कथेसाठी वाईट. माझी आई गेली तेव्हा मी रडले होते, पण कशी रडले ते बघायला मी तिथे नव्हते.

तरी मी बसले. माझ्या कथेचा नायक गोपीनाथ. रेल्वेतला निवृत्त फिटर, राहणार ठाकुर्ली, वय सत्तर. त्याची बायको शेवंती मरते आणि तो रडतो. एवढीच गोष्ट. अकरा पानं झाल्यावर मी वही आमच्या ह्यांना दिली. मारुतराव (सगळे त्यांना असंच म्हणतात, मी 'अहो' म्हणते) एमआयडीसीतल्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेत आणि आता रामनगरच्या हास्यक्लबात मोठ्यांदा हसायला जातात. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"हा माणूस अकरा पानांत एकदाही जेवला नाही," ते म्हणाले.

"बायको गेलीय त्याची."

"म्हणून काय झालं? माझी आई गेली तेव्हा मी स्मशानातून येऊन सहा भाकऱ्या खाल्ल्या पिठल्याबरोबर. रडत रडत खाल्ल्या, पण खाल्ल्या ना! आणि हा आंघोळ कधी करतो गं?"

मी वही काढून घेतली.

रडण्याचं पान मी सात वेळा लिहिलं. पहिल्यात त्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले. तिसऱ्यात हुंदका दाटून आला. पाचव्यात तो अजिबात रडला नाही, तर तो रडत का नाही हेच कळेना. सातव्यात, एका सोमवारी संध्याकाळी, मी त्याला भिंतीला डोकं टेकवून हमसून हमसून रडायला लावलं आणि वही कपाटात ठेवून दिली.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता बेल वाजली.

दारात पासष्टीच्या आसपासची एक बाई उभी होती. जांभळी सुती साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कापडी पिशवी. चप्पल तिने आधीच काढून भिंतीशी नीट जुळवून ठेवली होती.

"गोपीनाथचं तुमीच लिवता ना?" तिने विचारलं.

मला वाटलं, हास्यक्लब. आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. मी तिला आत घेतलं. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "तो असा रडला नाय."

"कोण?"

"गोपीनाथ. तुमी त्याला भिंतीला टेकवलाय. त्या भिंतीला पोपडे हायेत, बाय. डोकं टेकलं तर सगळा चुना केसांत. त्याला नाय चालत तसलं."

ते पान मी आदल्या संध्याकाळी लिहिलं होतं. ह्यांनी ते वाचलेलं नव्हतं. मी मनात तशी नोंद केली. रिपोर्ट विचित्र आला की आधी नमुन्यात बाहेरचं काय मिसळलं ते शोधायचं असतं. कपाटाला कुलूप नव्हतं. आमची कामवाली सगुणा ठाकुर्लीहून येते, पण तिला वाचता येत नाही.

"तुमचं नाव?" मी विचारलं.

"शेवंती."

डोंबिवली-ठाकुर्लीत शेवंती काही कमी नाहीत. तेही मी नोंदवलं. आणि मग, खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती तिथे हाव सुटली. माझा हात आपोआप पेनाकडे गेला.

"मग कसा रडला?"

"घाई काय हाय? आधी बाकीचं नीट करा," ती म्हणाली.

त्यानंतर ती दर मंगळवारी यायला लागली. बरोबर अकराला. मी वाचायचे आणि ती मान हलवायची. गोपीनाथ कपातून चहा पीत नाही, बशीतून पितो, पण जावई आला की कपातून पितो आणि जीभ भाजून घेतो. शर्टाच्या खिशात पेन नाही, छोटा पाना असतो. बायकोला तो नावाने हाक मारत नाही, नुसतं खाकरतो. एकदा खाकरला की पाणी, दोनदा खाकरला की जेवायला वाढ. "आन् तीनदा?" मी विचारलं. तिच्या नादाने माझीही भाषा बिघडायला लागली होती. ती पदर तोंडाला लावून हसली. "ते नका लिवू."

केळुसकरांना हवा होता तो माणूस माझ्या वहीत हळूहळू उठून बसत होता. मी त्याला ओळखू लागले होते. एका मंगळवारी तर तो मला चिडखोरही वाटला आणि मी दिवसभर त्याच्यावर रागावून होते.

आमच्या ह्यांना बाई आवडली. ते चहा करायचे, समोर बसून ऐकायचे. ती गेल्यावर एकदा त्यांनी विचारलं, "तुझ्या कथेतली शेवंती मेलीय ना गं?"

"हो."

"मग ह्या?"

"ह्या दुसऱ्या."

"बरं," ते म्हणाले आणि कपबशा धुवायला गेले.

जुलैचा शेवटचा मंगळवार आला. मी वहीचं कोरं पान उघडून बसले. "आज सांगायलाच हवं," मी म्हटलं.

शेवंतीबाईंनी पिशवी मांडीवर सरळ केली.

"बायकोची कवळी व्हती. रात्री वाटीत पान्यात काढून ठेवायची, खिडकीत. ती गेली तवा कवळी तितंच राहिली. लोकं आले, गेले, दिवस झाले. हा रडला नाय. सगळे म्हनले, दगड हाय. पन रोज सकाळी उठला का वाटीतलं पानी बदलायचा. कवळी घासायचा, परत ठेवायचा. महिनाभर. सून बघायची, तिला किळस यायची. मनाली नाव तिचं, पोरगी वाईट नाय. एक दिवस तिनं कवळी कागदात गुंडाळली नि घंटागाडीत टाकली."

आमचे हे चकल्यांची बशी घेऊन आले होते. ते तिथेच उभे राहिले.

"ह्याला कळलं. बनियनवर धावला. गाडी नाक्यावर गेलेली. ह्यानं ती अडवली. वर चढला, सत्तर वर्साचा मानूस, कचऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. घंटागाडीची बाई वरडते, आजोबा, उतरा. हा वरडतो, माझ्या बायकोचे दात हायेत त्यात! मागं रिक्षा थांबलेल्या, हॉर्न वाजवतायत. लोकं हसायला लागले. मग हा पन हसला. आन् हसता हसता..." तिने बोटाने हवेत एक रेघ ओढली, खाली. "तितंच बसला. केळीच्या सालींवर. आन् खाकरला, एकदा."



आमच्या ह्यांनी डोळे पुसले आणि काहीतरी करायचं म्हणून बशी पुढे केली. "चकली घ्या ना."

"नको, भाऊ," शेवंतीबाई म्हणाल्या. "कवळी घंटागाडीत गेली."

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. चार आठवडे त्यांनी आमच्याकडे फक्त चहात बुडवून बिस्किटं खाल्ली होती.

त्या गेल्या. ह्यांनी कपाळाशी बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाईंचं जरा इकडचं तिकडे झालंय. दुःखाने होतं. पण गोष्ट काय सांगतात!"

मी दुसऱ्याच दिवशी ठाकुर्लीला गेले. कथा द्यायच्या आधी खात्री करणं माझं काम होतं. कुणाचं खरं दुःख परस्पर छापायचं नाही, एवढी लाज मला आहे. सकाळभर मी जुन्या पॉवर हाऊसच्या मागच्या गल्ल्यांतून गोपीनाथ नावाचा निवृत्त फिटर शोधला. तीन गोपीनाथ सापडले. एक रेल्वेत नव्हता, दुधाच्या धंद्यात होता. दुसऱ्याने लग्नच केलं नव्हतं आणि मी कुणाकडून स्थळ आणलंय, असं त्याने आशेने विचारलं. तिसरा फिटर होता, पण घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते दोघं गावाला गेलेत, लेकीकडं."

"दोघं?"

"तो नि त्याची बायको. का?"

"बायकोचं नाव काय?"

"आमी वहिनी म्हनतो," शेजारीण म्हणाली आणि मला खालून वर न्याहाळायला लागली. मी निघाले.

नाक्यावर घंटागाडी उभी होती. गाडीवरची बाई, रतन म्हणून, हातमोजे काढून वडापाव खात होती. मी सरळ विचारलं, की ह्या भागात कुणी म्हातारा कधी बायकोच्या कवळीसाठी गाडीवर चढला होता का.

रतनने घास गिळला आणि खरोखर विचार केला.

"चांदीच्या वाटीसाठी एक चढलेला. एक बाई रेशनकार्डासाठी. कवळीसाठी..." ती म्हणाली, "नाय, अजून नाय."

मी तिचे आभार मानले. तो 'अजून' मला घरापर्यंत पायात आलेल्या खड्यासारखा टोचत राहिला. पण कुणाचं खरं घडलेलं मी चोरत नव्हते, हे तर सिद्ध झालं. मी तेवढंच घेतलं.

कथा मी त्या रात्री पूर्ण केली, सकाळी टपालाने न पाठवता स्वतः नेऊन दिली. आठ दिवसांनी केळुसकरांचं पाकीट आलं. आत हिरव्या शाईत एकच ओळ : "ताई, गोपीनाथ माझ्या शेजारी येऊन बसला होता. दुरुस्ती नाही."

शेवंतीबाई पुढच्या मंगळवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांचा फोन नंबर मी कधी घेतलाच नव्हता.

अंक दसऱ्यानंतर आला. मी प्रती आणायला दुपारी ठाण्याला गेले. केळुसकरांनी पेढा दिला, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "हा माणूस तुम्हाला सापडला कुठे?" मी म्हटलं, "निरीक्षण." आयुष्यातला पहिला खोटा रिपोर्ट मी तेव्हा दिला.

संध्याकाळी सातला घरी पोचले. आमचे हे बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होते. मी अंक उघडून माझं नाव दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मोठ्याने.

मग म्हणाले, "अगं, शेवंतीबाई येऊन गेल्या."

"आज? मी नसताना?"

"तू नाहीस असं मीही म्हटलं. तर म्हणाल्या, ठाऊक हाय, तुमच्याकडंच काम हाय. बसल्या. पिशवीतून वही काढली. नवीकोरी, दोनशे पानी. त्यांच्याकडे पेन नव्हतं, मी माझं दिलं."

मी अंक मिटला.

"मग?"

"मग मला विचारलं, भाऊ, खरं खरं सांगा, ताई गेल्यावर तुमी पयलं काय केलं?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, काय करणार? दार लावलं आणि झोपलो जरा. सातपर्यंत येईल ती." ते हसले. "तर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बोटांवर काहीतरी मोजलं."

"मग?"

"एकदम ओशाळल्या गं. म्हणाल्या, माफ करा हां भाऊ, मी जरा लवकर आले. वही पिशवीत घातली आणि गेल्या."

त्यांनी तुळशीतली दोन वाळकी पानं खुडली.

"माझं पेनही घेऊन गेल्या."