नित्यनवा भोंगा

त्या काळात कोकण किनाऱ्यावर भोंगा वाजला की लोक टीव्हीचा आवाज वाढवत. समुद्र वर्षागणिक चढत चालला होता. उधाणाला वाऱ्याची साथ मिळाली की पाणी बांध ओलांडून सरळ घरांत शिरे. सरकारने गावोगाव भोंगे बसवले, मोबाइलवर इशारे पाठवले, चौकाचौकात लाल दिवे लावले. पहिल्या वर्षी भोंगा ऐकून माणसं धावली. दुसऱ्या वर्षी चालत गेली. तिसऱ्या वर्षी नांदखार गावात भोंगा कोकलत राहिला आणि पाणी आलं तेव्हा निम्मं गाव जेवायला बसलेलं होतं.

त्या वर्षाच्या अखेरीस किनारा संरक्षण मंडळाचे निंबकर पुण्याला चारुता देवस्थळीच्या स्टुडिओत आले. चारुता तिथल्या युजर एक्स्पिरियन्स डिझाइन टीमची प्रमुख होती. वस्तू हातात घेतल्यावर माणसाला काय वाटेल, तो कुठे अडेल, कुठे चुकेल, हे आधीच ओळखून वस्तू घडवायची, असं तिचं काम. बँकांची अॅप्स, इस्पितळांतले स्क्रीन, विमानतळावरच्या पाट्या, असं सगळं तिच्या टीमच्या हातून गेलं होतं. असा क्लायंट मात्र पहिल्यांदाच आला होता.

"आमचा भोंगा उत्तम आहे, मॅडम," निंबकर म्हणाले. "चार गावं पलीकडे ऐकू जातो. फक्त तो ऐकून कुणी उठत नाही. मी नांदखारला स्वतः प्रेतं उचलली आहेत. काही जणांच्या तोंडात घास होता. तुम्ही मला माणसं उठवून द्या."

चारुताने काम घेतलं. नाही म्हणायला तिच्याकडे कारणच नव्हतं.

मंडळाने जोडीला एक मेंदूशास्त्रज्ञ दिले होते, डॉ. फारूख मुकादम. मूळचे मुरुडकडचे, बोलताना हातातल्या चहाचा त्यांना हटकून विसर पडे. पहिल्याच बैठकीत त्यांनी चारुताला विचारलं, "तुमच्या घरचा फ्रिज घरघरतो ते ऐकू येतं का तुम्हाला?"

"बंद पडला की कळतं."

"तेच तर! मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. त्याला आपण भयकेंद्र म्हणू. नवा आवाज आला की तो दचकतो. तोच आवाज पुन्हा आला आणि काही वाईट घडलं नाही, की तो म्हणतो, हा ओळखीचा आहे, झोपा. भोंगा कितीही मोठा करा, दहाव्यांदा तो फ्रिजच होतो."

"मग?"

"मग दहाव्यांदाही पहिल्यांदाच वाजणारा भोंगा हवा."

कल्पना एवढीच होती. कानामागे चिकटवायची एक टिकली. ती हाडातून आवाज थेट आत पोचवी, शेजारच्याला काही ऐकू येत नसे. शिवाय ती त्या माणसाची नाडी, घाम, श्वास मोजत राही. मेंदू आवाजाला सरावू लागला की टिकलीला त्याची कुणकुण लागे आणि आवाज त्या क्षणी रूप बदले. कधी किंकाळी, कधी कुणाच्या तरी पावलांची चाहूल, कधी ज्याला नावच देता येणार नाही असं काही. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भीतीची किल्ली. मुकादमांनी त्याला नाव ठेवलं 'नित्यनवा'.

आवाजांची घडण केतकी घरतकडे आली. केतकी टीममधली सगळ्यांत भित्री मुलगी. स्कूटर चालवायची ती बैलगाडीच्या वेगाने. ऑफिसातून घरी तीनदा फोन करून गॅस बंद आहे ना विचारायची, आणि दोन वर्षांच्या ओवीला साधा ताप आला तरी तिचा चेहरा उतरायचा. टीम तिची थट्टा करी. चारुताला मात्र तिची किंमत ठाऊक होती. कुठलंही डिझाइन मांडलं की केतकीचा बारीक आवाज यायचा, "आणि हे चुकलं तर?" त्या एका प्रश्नाने टीमला कितीतरी वेळा वाचवलं होतं.

आवाज जुळवताना केतकी आणि मुकादम तो स्वतःवर पुन्हा पुन्हा घेऊन बघत. चारुताने टिकली कधी लावली नाही. चाचणीचा निवाडा करणाऱ्याने चाचणीत उतरायचं नाही, हा तिचा जुना नियम होता.

नांदखारच्या पहिल्या सरावात अख्खं गाव पळालं. निवारा केंद्राकडे चालत राहिलं की आवाज निवळे, उलट वळलं की चढे, त्यामुळे कुणाला वाट विचारावी लागली नाही. म्हातारी माणसंसुद्धा लेकांच्या पाठीवर बसून वेळेत पोचली. निंबकरांचे डोळे भरून आले. सरावानंतर टीमने लोकांशी बोलून त्यांचा अनुभव विचारला, आणि उत्तरं बघून चारुता चकित झाली. माणसं खूश होती. 'नंतर फार मोकळं वाटलं.' 'जिवाला घोर असतो तो गेला.' एका म्हातारीने तर विचारलं, "पुन्हा कधी लावणार?" चारुताच्या कारकिर्दीत कुठल्याच वस्तूला इतकी पसंती मिळाली नव्हती.

आणखी तीन सराव झाले. काहीतरी बिनसलं आहे, हे चारुताला पहिल्यांदा कळलं ते एका बैठकीत. बैठक वेळेच्या खूप आधी संपली. सगळे उठून गेल्यावर ती तशीच बसून राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं. केतकीने काही विचारलंच नव्हतं. त्या दिवशी नाही, आणि आधीचे कित्येक दिवसही नाही.

त्याच रविवारी ती केतकीकडे गेली. केतकी पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत कपडे वाळत घालत होती. तिच्या पाठीमागे कठड्यावर, बाहेर पाय सोडून, ओवी बसली होती.

चारुता किंचाळली. धावत जाऊन तिने पोरीला खेचून छातीशी धरलं. ओवी दचकून रडायला लागली. केतकीने चिमटा लावता लावता वळून पाहिलं.

"काय झालं, ताई?"

"काय झालं? अगं, पडली असती ती!"

"पण पडली नाही ना," केतकी समजुतीच्या सुरात म्हणाली. "तिला तिथनं रस्ता दिसतो. आवडतं तिला."

चारुता तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. त्यावर बेफिकिरी नव्हती, राग नव्हता, वेडाची झाकही नव्हती. तोच मायाळू चेहरा. त्यातलं फक्त काहीतरी उचलून नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मुकादमांना गाठलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "उन्हातून एकदम माजघरात आलात की काही वेळ काही दिसत नाही ना? खोलीत उजेड असतो, डोळे मोठ्या उजेडाला लागलेले असतात. भयकेंद्राचंही तसंच होतं. नित्यनवा म्हणजे त्या केंद्रासाठी भर दुपारचं ऊन. त्यापुढे कठडा, रस्ता, विंचू, ताप, हे सगळं मिणमिणतं. ते दिसतच नाही."

"डोळे थोड्या वेळाने सरावतात, डॉक्टर. हे भरून येतं का?"

"एकदोनदा ऐकलं तर येतं. चारपाच वेळा ऐकलेल्यांचं अजून तरी आलेलं नाही."

"तुम्ही किती वेळा ऐकलंय?"

मुकादम हसले. "मोजलं नाही."

"डॉक्टर, हे थांबवायला हवं. केवढं भयंकर आहे हे, तुमच्या लक्षात येतंय का?"

"तुम्ही म्हणता ते तर्काने पटतंय मला," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पण भयंकर म्हणाल तर... मला तसं काही वाटत नाही, चारुताबाई." आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. तो नुकताच उकळून आणलेला होता. जीभ पोळून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं. त्यांनी लगेच दुसरा घोट घेतला.

ज्यांनी ज्यांनी आवाज ऐकला होता त्यांना आता सावध करणं शक्यच नव्हतं. सावध व्हायला आधी घाबरावं लागतं.

उरले निंबकर. त्यांनीही टिकली लावलेली नव्हती. त्यांनी तिचं बोलणं अर्ध्यावर तोडलं नाही.

"पोर कठड्यावर बसली, पण वाचली," शेवटी ते म्हणाले. "मी उचलली ती वाचली नव्हती. मॅडम, आठवड्याभरात मोठं उधाण आहे, आणि वारा वाईट सांगताहेत. टिकल्या काढून घेतल्या तर मी गावाला काय सांगू? भोंगा ऐका म्हणू?"

चारुताने एवढंच मान्य करून घेतलं, की यापुढे सराव बंद. लहान मुलांना टिकली लावायची नाही, हे आधीच ठरलं होतं, ते तसंच राहील. आणि उधाणाच्या दिवशी ती स्वतः नांदखारला असेल.

उधाण भर दुपारी आलं. वारा असा होता की माडांची डोकी जमिनीला टेकत होती. चारुता निवारा केंद्रावर टॅबलेट घेऊन उभी होती. केंद्र म्हणजे खांबांवर उचललेलं एक प्रचंड छप्पर. चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून त्याला दारं ठेवलेली नव्हती, चारही बाजूंनी रुंद पायऱ्या होत्या. केतकीचं माहेर नांदखारचं. आदल्या दिवसापासून ती ओवीला घेऊन तिथेच होती.

चारुताने नित्यनवा सुरू केला. तिला स्वतःला वाऱ्याखेरीज काही ऐकू आलं नाही. गाव मात्र फुटलं. तोंडं वासलेली, डोळे फिरलेले, मुलं काखेत मारून माणसं पायऱ्या चढून आली. केतकीही आली, ओवीला कवटाळून. शेवटचा माणूस आत आला तसा आवाज आपोआप थांबला. चेहरे निवळले. कुणीतरी विनोद केला, बाकीचे हसले. खाली पाणी बांधावरून आता गावात उतरू लागलं होतं.

तेवढ्यात एक बाप्या उठला आणि पायऱ्यांकडे चालू लागला.

"कुठे निघालात?" चारुताने वाट अडवली.

"शेळी राहिली दावणीला."

"पाणी आलंय हो! बघा तरी!"

त्याने पाहिलं. खालून तपकिरी लोंढा होडग्यांना भिंतींवर आपटत चालला होता. "हां, आलंय," तो म्हणाला, आणि तिला हलकेच बाजूला सारलं. "तुम्ही उगाच घाबरता, बाई."

त्याच्या मागे दुसरा उठला. मग एक बाई, चुलीवर भात राहिला म्हणून. मग दहा, मग वीस, चारही बाजूंनी. ही माणसं आवाजाला भ्यायली होती. पाण्याला भिणारं त्यांच्यात कुणी उरलंच नव्हतं.

चारुताने मुकादमांना फोन लावला. "डॉक्टर, लोक परत निघालेत! पाण्यात चाललेत!"

"अर्थातच," ते म्हणाले. "पायऱ्यांवर आवाज लावा. उतरेल त्याला ऐकू येईल."

"आणखी ऐकवलं तर त्यांचं काय होईल?"

"जे थोडंफार उरलंय ते जाईल." त्यांचा आवाज हवामान सांगावं तसा होता. "नाही लावलात तर माणसं जातील. तुम्ही ठरवा."

पहिला माणूस गुडघाभर पाण्यात उतरला होता. चारुताने टॅबलेटवर बोट टेकवलं.

पायऱ्यांवरची माणसं किंचाळत मागे फिरली आणि छपराच्या मधोमध येऊन एकमेकांवर कोसळली. ती शांत झाली, इकडेतिकडे पाहून हसली, आणि थोड्या वेळाने त्यांना पुन्हा शेळी आठवली. ती पुन्हा पायऱ्यांकडे निघाली, पुन्हा किंचाळत फिरली. पाणी चढत होतं आणि माणसांच्या लाटा त्या पायऱ्यांवर जाऊन परत येत होत्या. दर वेळी टिकली अधिक खोल किल्ली शोधे, दर वेळी किंकाळी अधिक अमानुष येई, आणि नंतरचा चेहरा अधिक गुळगुळीत. चारुता रडत होती. बोट मात्र तिने उचललं नाही.

संध्याकाळी पाणी ओसरलं. तिने आवाज बंद केला. गावातलं एकही माणूस दगावलं नव्हतं. निंबकरांचा फोन आला. त्यांना हुंदका आवरत नव्हता. "मॅडम, एकही नाही! एकही नाही!"

माणसं उठली, अंग झटकून चिखलाने निसरड्या झालेल्या पायऱ्या उतरू लागली. कुणी कुणाचा हात धरला नव्हता. घसरून पडलं तर पडलेला हसत उठे. म्हातारी माणसं मागे राहिली, त्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही. गप्पा चालल्या होत्या, उद्याच्या, मासळीच्या.

छपराखाली एका खांबापाशी टिकल्या नसलेली पोरं उरली होती. दुपारभर आईबापांचे चेहरे बघून ती रडून रडून निळी पडली होती. चारुताने ओवीला उचललं. पोरगी थरथरत तिच्या गळ्याला मिठी मारून बसली.

"केतकी!" चारुताने हाक मारली. "अगं, ओवी!"

केतकी निम्म्या पायऱ्या उतरली होती. तिने वळून पाहिलं, ओळखीचं गोड हसली.

"असू दे, ताई," ती म्हणाली. "येईल की मागून."

आणि ती खालच्या चिखलात, बाकीच्यांबरोबर चालू लागली. चारुता पायरीवर उभी राहून वाट बघत होती. एवढ्या गावातून एक तरी आई आपलं पोर शोधायला परत येईल, म्हणून.