टाकीतले दोन दगड

दगडावर व्हिनेगर टाकल्यावर फेस आला, तर तो दगड टाकीत ठेवायचा नाही. त्यात चुना असतो. पाणी जड होतं, आणि मऊ पाण्यात वाढलेले सिक्लिड मासे हळूहळू रंग सोडतात. नेंदेनने त्या दोन्ही दगडांवर व्हिनेगर टाकून पाहिलं होतं. फेस आला नव्हता.

जावा बेटावरच्या सुमेदांग गावात, बाजारामागे, तिचं आणि यानाचं दुकान होतं. दोघं एकाच वर्गात जीवशास्त्र शिकलेली. लोकांच्या बैठकीत माशांच्या टाक्या सजवून देणं हा त्यांचा धंदा. लाकूड आणि दगड घाऊक बाजारातून आणायचे नाहीत, स्वतः वेचायचे, असा नेंदेनचा हट्ट होता. कोरड्या दिवसांत धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावांची जमीन उघडी पडे. रसामालाच्या झाडांची मुळं तिथे मिळत, पाण्याने काळी आणि गुळगुळीत झालेली. त्या वर्षी पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं होतं, आणि दगडही तिथेच मिळाले.

"गंमत बघ, इथले दगड जोडीने सापडतात," ती यानाला म्हणाली होती. "एक इथे, त्याच्याच सारखा दुसरा जरा पलीकडे. आणि खालचा भाग गडद आहे. बराच काळ मातीत उभे असणार."

"नवरा-बायको असतील. उचल, टाकीत सुखाने नांदतील."

उचलण्यापूर्वी तिने नेहमीप्रमाणे जागेचा फोटो काढला. मग दोघांनी ते स्कूटरवर लादले.

कोकोम आपल्या वडिलांना घेऊन दुकानात आली तेव्हा अंगणात दगडांचा ढीग होता. वडिलांना सगळे अबाह उंदांग म्हणत. बायको गेल्यापासून ते फार बोलत नसत, म्हणून कोकोमला घरात काहीतरी हलतं, जिवंत हवं होतं. नेंदेन तिला दोन-तीन नक्षीदार दगड दाखवत होती. अबाह सरळ ढिगाकडे गेले, वाकले आणि दोन साध्या, राखाडी दगडांवर हात ठेवून म्हणाले, "हे."

"अबाह, ते अगदीच बटाट्यासारखे आहेत हो," कोकोम म्हणाली.

"हेच."

टाकी चार फुटी, खिडकीसमोरच्या भिंतीला. नेंदेनने डावीकडे रसामालाचं मोठं मूळ तिरकं बसवलं, त्याच्या खाचांत जावा फर्न दोऱ्याने बांधलं, सावलीत अनुबियास लावलं. ही झाडं मंद उजेडात जगतात आणि त्यांची मुळं वाळूत नसतात, त्यामुळे मासे ती उपटू शकत नाहीत. दोन्ही दगड उजवीकडे आडवे, एकमेकांना टेकून ठेवले. तळाला बारीक पांढरी वाळू. माशांची जोडी तळहाताएवढी, हिरवट सोनेरी. ही जात तोंडात वाळू भरून घेते आणि कल्ल्यांतून गाळून सोडते.

आठवडाभरात कोकोमचा फोन आला. ती नेंदेनला नेंग, म्हणजे पोरी, म्हणे आणि नेंदेन तिला तेह, म्हणजे ताई. "नेंग, तुझे दगड उठून उभे राहिलेत."

खरंच उभे होते. एक पुढच्या काचेजवळ, एक मागच्या. मध्ये वाळूत हातभर लांब, उथळ खळगा, कडा नीट थापलेल्या. समोरून पाहणाऱ्याला टाकी कुरूप दिसत होती. नेंदेनचे कान तापले. पाया नीट बसवला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"मासे उकरतात, तेह. खालची वाळू गेली की दगड कलंडतो."

"कलंडतो म्हणजे आडवा होतो ना? हा तर आडवा होता तो उभा झालाय. तुझ्या माशांनी तुझी पुस्तकं वाचलेली दिसत नाहीत."

नेंदेनने कोपरापर्यंत हात बुडवून सगळं पुन्हा रचलं. अबाह वेताच्या खुर्चीत कॉफीचा पेला धरून पाहत होते.

"राहू दे ना," ते म्हणाले. "असू दे तसंच."

तिने राहू दिलं नाही. पुढच्या खेपेला दगड पाटीच्या दगडाला इपॉक्सीने चिकटवून आणले. तेही सुटले. चिकटवलेली जागा तुटलेली नव्हती, स्वच्छ होती, जणू तिथे काही लावलंच नव्हतं. मासे खळग्यात उतरत नव्हते. एक या दगडापाशी, एक त्या, पंख हलवत जागच्या जागी. अंडी घातल्यावर ही जात अशीच राखण करते, हे तिला माहीत होतं. तिने भिंग लावून पाहिलं. अंडी नव्हती.

दुकानात याना हसला. "गिऱ्हाइकाला सांग, नवरा-बायको भांडलेत. वेगळे झोपतात."

तिला हसू आलं नाही. पदवीचं प्रमाणपत्र दुकानात गल्ल्याच्या मागे चौकटीत लावलेलं होतं. त्याच्याकडे पाहावंसं वाटेना.

मग खिडकीतल्या उन्हाने काचेवर शेवाळ धरायला लागलं, म्हणून टाकी बाजूच्या भिंतीला न्यायचं ठरलं. पाणी काढलं, मासे बादलीत ठेवले आणि यानाने आणि शेजारच्या दोघांनी मिळून टाकी उचलली. पूर्वी ती जशी होती, त्याच्या काटकोनात आता आली. नेंदेनने सगळं नव्याने लावलं, दगड आडवे.

पुन्हा फोन आला. या वेळी कोकोम थट्टा करत नव्हती. "ये आणि बघ," एवढंच म्हणाली.

दगड उभे होते. पण आता पुढे-मागे नव्हे, तर एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. खळगाही टाकीच्या लांबीने गेला होता. लांबी तेवढीच, हातभर. टाकी वळली होती, ते वळले नव्हते.

कोकोम तळलेला तोफू आणायला कोपऱ्यावर गेली. नेंदेनने फोनमधलं होकायंत्र काचेवर धरलं. दगड बरोबर उत्तर-दक्षिण रेषेत होते. मग खिशातलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून दगडाजवळ नेलं. ते किंचित ओढलं गेलं. तिला इतकं हायसं वाटलं की ती मोठ्याने बोलली.

"अबाह, सापडलं! हे दगड ज्वालामुखीचे आहेत, यांच्यात लोह आहे. म्हणून ते उत्तर-दक्षिण राहतात."

अबाह त्याच वेळी बाहेरून आले होते. गुडघ्यांपर्यंत वाळलेला चिखल. त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि सावकाश बसले.

"धरणावर गेलो होतो," ते म्हणाले. "कोकोमला बोलू नकोस. तिच्या आधी मला एक मुलगा झाला होता. नाव ठेवायच्या आतच गेला. पुढे धरणाचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी आपापली माणसं उकरून, पांढऱ्या कापडात गुंडाळून वरच्या गावी नेली. मी नाही नेलं. बायकोला म्हणालो, एवढासा जीव, माती झाली असेल. खरं सांगायचं तर उकरून बघायची हिंमत नव्हती. तिने पुन्हा विचारलं नाही. मरेपर्यंत नाही."

नेंदेनच्या हातातलं चुंबक दोऱ्यावर फिरत होतं.

"आता त्याला तिच्याशेजारी ठेवायचं आहे. यंदा पाणी एवढं उतरलं, पहिल्यांदाच. वाट सापडली. विहीर सापडली. दगड मात्र नाहीत. साधे दोन दगड, नेंग. नाव नाही, फरशी नाही. डोक्याशी एक, पायाशी एक, उत्तर-दक्षिण. दगड नसले की नुसती जमीन. कुठे उकरू? आणि वरच्या डोंगरात पाऊस लागलाय. चार-आठ दिवसांत सगळं पुन्हा पाण्याखाली जाईल."

शहरात कबरींना रंगीत फरशी असते, नाव असतं, तारीख असते. नेंदेनने जन्मभर तशाच पाहिल्या होत्या. जोडीने सापडणारे दगड. खालचा भाग गडद. तिने सगळं पाहिलं होतं, नीट नोंदवलं होतं, यानाला उत्साहाने दाखवलंही होतं.

तोंड उघडायची हीच वेळ होती. फोनमध्ये जागेचा फोटो होता, तोही अगदी अचूक. अबाहांना स्कूटरवर बसवून ती दुपारीच तिथे पोचली असती.

"तोफू गरम आहे," दारातून कोकोम म्हणाली. "नेंग, अशी लाल का झालीस? एवढं काय लाजायचं, दगडच आहेत."

"शेवाळ धरलंय," नेंदेन म्हणाली. "दगड घासायला दुकानात नेते."

अबाह आता टाकीतल्या उभ्या दगडांकडे बघत होते. तिने दगड उचलले, ओल्या पोत्यात गुंडाळले. ते आधीपेक्षा जड लागले. बाहेर येईपर्यंत तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच धरणावर गेली. यानालाही सांगितलं नाही. काय सांगणार होती?

फोटोतला आंब्याचा बुंधा सापडला. पाणी त्याच्या अगदी जवळ आलं होतं, तपकिरी, आवाज न करता पुढे सरकणारं. भेगाळलेल्या चिखलात दोन खड्डे अजून तसेच होते. मधली जागा हातभर.

तिने फोन काढला. अबाहांचा नंबर समोर होता. आता बोलावलं तर कुदळ घेऊन येतील. मग विचारतील, तुला जागा कशी ठाऊक.

फोन खिशात गेला.

दगड खड्ड्यांत बरोबर बसले. "पुनतेन," ती पुटपुटली. मोठ्यांच्या समोरून जाताना वाट मागतात तसं. आपण कुणाची वाट मागतोय हे तिला कळलं नाही. मधल्या मातीवर तिने तळवा टेकवला. सगळीकडचा चिखल थंड होता. तेवढीच जागा कोमट होती, हीटर लावलेल्या टाकीतल्या पाण्याएवढी.

तिने हात झटकून पुसला आणि वळून पाहिलं नाही.

पाऊस खाली उतरला. धरण भरू लागल्याचं दुकानात गिऱ्हाइकं बोलत होती. ठरलेल्या दिवशी ती पाणी बदलायला कोकोमकडे गेली. दगडांऐवजी दुसरे दोन आणले होते, नदीतले, नक्षीदार.

टाकी स्वच्छ होती. फर्नला नवी पानं फुटली होती. दगड नव्हते, पण खळगा होता. मासे त्याच्या दोन टोकांना होते.

"ही जोडी काही खात नाही गं," स्वयंपाकघरातून कोकोम म्हणाली. "बघ काय ते. कॉफी टाकलीय."

अबाह खुर्चीत होते. त्यांची नजर दारात काढलेल्या नेंदेनच्या चपलांवर होती. खाचांत धरणाचा पिवळा चिखल वाळला होता. एवढ्या दिवसांत तिला तो धुवावासा वाटला नव्हता, किंवा त्याच्याकडे बघवलं नव्हतं.

"सांगितलं असतंस तर मी आलो असतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तिने बाह्या वर सारल्या. काहीतरी करायला हवं होतं.

"डोक्याशी कुठला लावलास?"

तिला माहीत नव्हतं. दोन्ही सारखेच दिसत होते. तिने व्हिनेगर टाकून पाहिलं होतं, चुंबक लावून पाहिलं होतं. हे पाहिलं नव्हतं.

"नेंग?"

तिने तोंड वळवलं आणि टाकीत हात घातला, खळगा बुजवायला. मासे बाजूला झाले नाहीत. बोटं पांढऱ्या वाळूत गेली, पेराएवढी, मग आणखी थोडी.

वाळूच्या आत तिच्या करंगळीभोवती काहीतरी मिटलं. मऊ, कोमट, अगदी लहान. नवजात बाळाच्या तळव्याला काहीही लागलं की मूठ आपोआप मिटते. त्यात ओळख नसते, इच्छा नसते. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं.

"साखर किती?" कोकोमने विचारलं.

"एक," नेंदेन म्हणाली.

पकड घट्ट नव्हती. बोट सहज सुटलं असतं. पण अबाह बघत होते, आणि तिला ते काढून घ्यायची लाज वाटली.