हलकं स्टिअरिंग

बसा रे भाच्यांनो, पण मधेच कुणी हसायचं नाही. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय.

मित्र गाड्यांचा मेकॅनिक. गाडी मागून बसलीय का, हे तो मागचं चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधे आडवी बोटं घालून बघायचा. चार बोटं गेली की गाडी ठीक. म्हणून आम्ही त्याला बोटमोज्या म्हणायचो. बिचारा कधी चिडला नाही.

एकदा त्याच्याकडे सात सीटची जुनी व्हॅन आली. मालक शाळामास्तर. म्हणाले, "स्टिअरिंग एकदम हलकं होतं हो. पुढची चाकं रस्त्यावर आहेत की नाहीत, तेच कळत नाही."

"मागे जास्त माणसं कोंबता का, सर?"

"छे! एकटाच असतो मी."

बोटमोज्यानं बोटं घातली. तीनच गेली. मग त्यानं मागच्या स्प्रिंगा बदलल्या, स्टिअरिंगचे सांधे बदलले, अलाइनमेंट केली. परत बोटं घातली. तरी तीनच! सर सकाळी सहाला बायकापोरांना घेऊन लांब निघणार होते. तशी गाडी हातात द्यायला याचं मन होईना. मंगळवारी रात्री अकरा चाळीसला तो एकटाच ट्रायलला निघाला.

गावाबाहेरच्या बंद कोल्ड स्टोरेजपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. पुढे वळण. तिथे त्यानं वेग कमी केला, आणि दिव्यांचा झोत रस्त्यावरून उचलला गेला. झाडांच्या बुंध्यांवर. अजून थोडा वर. अजून थोडा... शेंड्यांवर. गाडी मागून दबत होती. कुणी एकेक करून बसावं तशी.

स्टिअरिंग हातात नुसतं तरंगत होतं.

त्यानं आरशात बघितलं. सगळ्या सीट रिकाम्या.

"कोण आहे?"

...

मागची सीट करकरली.

गॅरेज जवळ होतं, तिकडेच वळायला हवं होतं. पण पाचावर धारण बसलेला माणूस तो, सरळ घराकडे पळाला. घरात बायको आणि आठ वर्षांची लेक झोपलेली आहे, हे त्याच्या डोक्यात आलं ते फाटकाशी गाडी थांबल्यावर.

तेव्हा झोत खाली आला. थोडा.

परत थोडा.

... परत.

दार वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. झोत सरळ रस्त्यावर, आणि स्टिअरिंग पहिल्यासारखं जड.

रात्रभर तो लेकीच्या उशाशी बसून राहिला. काही झालं नाही.

सकाळी सहाला सर फोन करून त्याच्या घरीच आले. त्यांच्या देखत बोटं घातली, चार गेली. "जादू आहे हो तुमच्या हातात!" सर म्हणाले. सर पोराबाळांना घेऊन मजेत गेले.

सातला बायको लेकीला शाळेत सोडायला निघाली. अंगणातल्या त्यांच्या स्वतःच्या गाडीतून. लेकीनं मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"अगं, बस ना. उशीर होतोय."

"आई, मी पुढे बसू? मागे जागा नाहीये."

बोटमोज्या धावत गेला. मागच्या चाकापाशी बसला. त्यानं बोटं घातली.

तीनच गेली.