मिस अर्लीनच्या दाराची बेल

पटत नसेल तर सोडून द्या, पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो फेरिस माझा सख्खा मावसभाऊ आहे. आजही माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर राहतो.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. सोमवार. दुपारचे चार वाजायला आले होते.

जागा न्यू ऑर्लिन्समधली, आमच्या सेंट रॉक भागातली. जिथे पर्यटक गळ्यात माळा घालून नाचतात, तिथून बरीच लांब.

मी बर्फाच्या मशीन दुरुस्त करतो. त्यामुळे गल्लीबोळातले बिनपाटीचे, बिनखिडक्यांचे बार मला तोंडपाठ आहेत. फेरिस अकरा वर्षं तुरुंगात काढून आला होता. मारामारीतच आत गेला होता. सुटला तोही अटीवर. पुन्हा कुणावर हात उचलला, तर उरलेली सहा वर्षं आत.

त्याच्या आईनं, व्हर्डेल मावशीनं, मला चर्चच्या पायरीवर अडवून वचन घेतलं होतं. "क्लोव्हिस, त्याच्या हातांवर लक्ष ठेव." हात उचलणार नाही, असा शब्द तिनं फेरिसकडूनही घेतला होता.

फेरिस दारूला शिवत नव्हता. त्याला हौस एकच, आपले जुने बार कुठले उरले ते बघायचं. दर सोमवारी माझी सुट्टी. दर वेळी एक वेगळा बार गाठायचा, राजमा-भात खायचा, त्यानं आल्याचा सोडा प्यायचा आणि मी बिअर.

त्या दिवशी मिस अर्लीनचा नंबर लागला.

तिथलं दार कायम बंद. बेल वाजवायची. मिस अर्लीन दाराच्या भोकातून बघणार, पसंत पडलात तर काउंटरखालचं बटण दाबणार, मग दार उघडणार. सत्तरीची बाई, पण शितावरून भाताची परीक्षा करणारी. तिचे हात गुंतलेले असले, तर बटणाजवळ बसलेल्यानं वाकून ते दाबायचं. आमच्याकडे हा साधा शेजारधर्म आहे.

आत गिऱ्हाईक म्हणून आम्ही दोघंच होतो. मला बघताच तिनं मशीन कुरकुरतेय म्हणून गाऱ्हाणं सुरू केलं. डॉक्टर लग्नाला गेला तरी लोक जीभ दाखवतातच. मी काउंटरच्या टोकाला मशीनमागे गुडघ्यांवर बसलो. ती राजमा ढवळायला आत गेली.

आणि...

बेल वाजली.

एकदा. मग थांबेचना. कुणीतरी अंगाचा सगळा भार बेलवर टाकला असावा, तशी वाजत राहिली.

फेरिस वाकला. बटण दाबलं. भोकातून कोण आहे ते बघितलं नाही.

दार उघडलं. फरशीवर उन्हाचा पट्टा पडला. आत कुणीच आलं नाही. दार आपोआप मिटलं.

मग रेडिओवरचं गाणं थांबलं. पंखा थांबला. माझ्या हाताखालची मशीनही थांबली...

आणि त्या शांततेत कुणीतरी धापा टाकत होतं. फेरिसच्या शेजारी. जिवाच्या आकांतानं पळत आलेल्या माणसाच्या धापा होत्या त्या.

त्या धापांच्या मागून बुटांचा आवाज. सावकाश येणारा.

मिस अर्लीन हातात वाडगा घेऊन बाहेर आली. तिनं हळूच विचारलं, "कुणी उघडलं?"

"मी," फेरिस म्हणाला. "तुमचे हात गुंतले होते ना."

तिनं वाडगा खाली ठेवला. "सोमवारी चारला मी उघडत नाही, बाळा."

पुढचं वाक्य तिच्या तोंडात राहिलं. फेरिसचं स्टूल भिंतीवर आदळलं.

त्याची मान मागे ओढली गेली. शर्टाची कॉलर मुठीत चुरगळली होती, पण मूठ दिसत नव्हती. तो फरफटत दारापर्यंत गेला, आणि डोकं दारावर आपटलं. धाड. पुन्हा. धाड. दात फरशीवरून घरंगळत माझ्याकडे आले. डोळा फुटून रक्त छातीवर उतरलं.

मला हलता येत नव्हतं. देवाशपथ सांगतो, माझे गुडघे जमिनीत रुतले होते.

एकट्यानं तिघांना आडवं करणारा माणूस तो. पण त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. आणि तो माझ्याकडे बघत म्हणत होता, "मार... मी हात उचलणार नाही, क्लोव्हिस."

मला वाटलं, तो मला धीर देतोय. आईला दिलेला शब्द पाळतोय, हे मला कळावं म्हणून बोलतोय.

मिस अर्लीन बटण दाबत होती. दार उघडत नव्हतं. मग उघडलं, एकदम, आणि फेरिस फूटपाथवर पडला.

जबडा तुटला. डावा डोळा गेला. पोलिसांना त्यानं कागदावर लिहून दिलं, पायरीवरून पडलो.

आठवड्यानं मिस अर्लीननं मला बोलावलं. ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी सोमवारी चार वाजता रोलंड नावाच्या पोरानं बेल धरून ठेवली होती, म्हणाली. तिनं भोकातून त्याचं रक्ताळलेलं तोंड बघितलं आणि भीतीपोटी दार उघडलं नाही. त्याच दारावर डोकं आपटून त्याला ठार मारलं. मारणारा परका नव्हता. त्याच्याच बरोबर प्यायला आलेला होता.

मग तिनं काउंटरवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं.

स्टूल आदळतं, तेव्हा त्यात मशीनमागे कुणीच बसलेलं नाही...

त्याआधीच मी उठतो. सावकाश चालत येतो. फेरिसची कॉलर धरतो. पुढचं सगळं मीच करतो. मिस अर्लीन माझं नाव घेऊन ओरडतेय. मला तिची एकही हाक आठवत नाही.

तिनं ते माझ्यासमोर पुसून टाकलं. फेरिसनंच तसं सांगितलं होतं.

त्या सोमवारनंतर माझ्या बोटांची पेरं तीन दिवस सुजली होती. मशीन उघडताना लागलं असेल, असं मी बायकोला सांगितलं.

फेरिस दर रविवारी जेवायला येतो. हसतो, माझ्या पोरांना चिडवतो. कधी काही विचारत नाही. मागच्या महिन्यात मला राहवलं नाही. मी म्हणालो, "फेरिस, तो मी नव्हतो रे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मनात ठेवू नकोस."

मला भरून आलं. त्याला पाणी वाढायला मी जग उचलला, आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.