टेलरमास्तरांच्या दुकानातला दिवा

जवळ सरका, मी मोठ्यानं सांगणार नाही. हे माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत घडलेलं आहे. त्यानं मला एकदाच सांगितलं आणि म्हणाला, मामा, पुन्हा विचारू नकोस. म्हणून मी मधेच थांबलो तर तुम्हीही विचारू नका.

भाचा कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचा. एकटाच. आधी आख्खं शहर बनवायला घेतलं. दोन वर्षं गेली, एक गल्लीही पुरी झाली नाही. मग ठरवलं, एकच जागा करायची, पण अशी की खेळणाऱ्याला कुठलाही कप्पा उघडता यावा. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, म्हणायची, नोकरी सोडून हा एक खोली बांधतोय, तीही राहता न येणारी.

जागा त्याला पायाखालीच सापडली. तो भाड्यानं राहायचा त्या घराच्या तळमजल्यावर टेलरिंगचं दुकान होतं. टेलरमास्तर वारल्यापासून चार वर्षं बंद. एका सकाळी तो मालकीणकाकूंकडे, म्हणजे टेलरमास्तरांच्या बायकोकडे, किल्ली मागायला गेला. फोटो काढायचे होते. काकूंनी लगेच दिली. आतलं काही हलवू नकोस, एवढंच म्हणाल्या.

सहा महिने तो खपला. शिलाई मशीन, इस्त्रीचे डाग पडलेलं टेबल, बटणांच्या बरण्या, ट्रायल रूमचा हिरवा पडदा. फळीवरचा ओरखडासुद्धा सोडला नाही. माणूस मात्र एकही नाही. माणसं त्याला जमायची नाहीत, मेणाची वाटायची.

काम होत आलं तसं त्यानं काकूंना वर बोलावून दाखवलं. त्या स्क्रीनजवळ वाकल्या.

"अंधार फार केलास."

"गेम रात्रीचा आहे, काकू."

"मशीनवरचा दिवा तरी लाव. त्यांना अंधारात दिसत नाही."

म्हातारीचं मन राखायचं म्हणून त्याच रात्री बसून त्यानं मशीनवर पिवळा दिवा लावला. बारा फेब्रुवारीची रात्र, गुरुवार. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

हेडफोन लावून तो गेममधल्या दुकानात शिरला. उजेड छान पडला होता. त्यानं कपाट उघडून पाहिलं, मिटलं. आणि पाठीमागे मशीन चालू झालं.

आवाज त्यानं अजून घातलेच नव्हते.

त्यानं नजर वळवली. मशीनचं चाक स्थिर. आवाज मात्र चालूच... एक लांब शिवण... थांबली. पुन्हा एक.

मग ट्रायल रूम दिसली. पडदा ओढलेला होता. त्यानं तो उघडा ठेवला होता.

पडदा हलला... आतून.

त्यानं कॉम्प्युटरची पिनच उपटली. स्क्रीन काळा. हेडफोन काढले.

आवाज थांबला नाही. तो खालून येत होता.

...

काकू खाली एकट्या आहेत, एवढंच त्याच्या मनात आलं. तो जिना उतरला. दुकानाचं दार सताड उघडं. आत मशीनवर पिवळा दिवा. त्या दुकानाची वीज चार वर्षांपूर्वीच तोडलेली. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. वळल्याही नाहीत.

"आले बघ," त्या हळूच म्हणाल्या. "तू आत जा. त्यांना गिऱ्हाईक लागतं."

तो गेला. पाय आपोआप गेले म्हणतो. एक पाऊल... दुसरं...

दिवा विझला.

पुढचं त्याला आठवत नाही.

सकाळी तो जिन्याच्या पायरीवर जागा झाला. दुकानाला बाहेरून कुलूप. काकू म्हणाल्या, मी रात्री उठलेच नाही. खोटं बोलतायत असं काही त्याला वाटलं नाही. सहा महिन्यांचं काम त्यानं पाच मिनिटांत पुसून टाकलं आणि बॅग घेऊन थेट माझ्याकडे आला.

मी त्याला आंघोळीला पाठवलं. अंगातून काढलेला शर्ट धुवायला उचलला...

पाठीवर निळ्या खडूच्या रेघा होत्या. एक या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. एक मानेपासून कमरेपर्यंत. आणि खाली कोपऱ्यात, कपडा तयार मिळायची तारीख टेलर लिहितात ना, तशी बारीक अक्षरात एक तारीख.

त्याला मी हे सांगितलेलं नाही. शर्ट जाळला.

ती तारीख अजून यायची आहे.